हजारी तेवीस : शिरगणतीतून कोण गळते?

शिरगणतीला आपल्याकडे पूर्वी खानेसुमारी म्हणत. आमच्या लहानपणी गावच्या वृद्ध मंडळींच्या तोंडी हाच शब्द असे. खाना म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजणी. तेव्हा मोजायचे ते आधी घर, आणि घर सापडले की त्यातली माणसे. शब्द जुना असला तरी रीत तीच चालू आहे. 'सुमार' या शब्दाला अंदाज असाही अर्थ आहे, पण सरकारी पुस्तकात अंदाजाचा वास येत नाही. २०११ साली अमरावती जिल्ह्यात २८,८८,४४५ आणि अकोला जिल्ह्यात १८,१३,९०६ माणसे होती, असे ते पुस्तक सांगते. शेवटचा पाच आणि शेवटचा सहा पाहून वाचणाऱ्यास वाटते, इतके काटेकोर मोजले त्या अर्थी एकही माणूस सुटला नसेल. हा भ्रम आहे. आणि तो भ्रम असल्याचे एखाद्या विरोधकाने नव्हे, तर खुद्द शिरगणती खात्याने वेळोवेळी मोजून सांगितले आहे.

या व्याख्यानमालेत आम्ही हा विषय घेतला तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले की, कामगार चळवळीतल्या माणसाने आकडेशास्त्राच्या वाटेला कशाला जावे? आमचे उत्तर साधे आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले आणि वाचनालयापेक्षाही हजेरीपटावर झाले. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात काम करणाऱ्या बायांपैकी पटावर किती आणि पटाबाहेर किती, यावर आमची निम्मी भांडणे झालेली आहेत. पटावर नाव नाही त्याला बोनस नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, अपघात झाला तर भरपाई नाही. देशाची शिरगणती हा देशाचा हजेरीपट आहे, असे समजून आम्ही तो वाचावयास घेतला.

प्रथम हे पाहू की, मोजणी चुकली हे खात्याला कळते तरी कसे? मोजणी आटोपल्यावर थोड्याच दिवसांनी देशभरातून नमुन्यादाखल काही वस्त्या निवडतात. तेथे दुसरी माणसे पाठवून, पहिल्या कागदांकडे न पाहता, पुन्हा सर्व कुटुंबांची यादी करवितात. मग दोन्ही याद्या नावानावाने ताडून पाहतात. यातील हिशेब समजण्यास फार विद्या लागत नाही. समजा एका वस्तीत पहिल्या यादीत ९०० नावे आली आणि दुसऱ्या यादीत ८००. दोन्हींत सापडली अशी नावे ७५०. आता दुसऱ्या यादीतल्या ८०० पैकी ७५० माणसे पहिल्या यादीला सापडली होती, म्हणजे पहिल्या यादीची पकड सोळा आण्यांपैकी पंधरा आणे. तेव्हा तिची ९०० नावे हीसुद्धा खऱ्या वस्तीच्या पंधरा आणेच असली पाहिजेत. खरी वस्ती आली ९६०. साठ माणसे सुटली. ही साठ माणसे आपण डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, तरी ती आहेत असे दोन याद्यांच्या तुलनेतून निघाले. ही रीत १९४९ साली सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेतील डेमिंग या दोघांनी मिळून मांडली. चंद्रशेखरन हे आपल्याकडचे लोकसंख्याशास्त्रज्ञ. जन्ममृत्यूच्या नोंदी किती अपुऱ्या असतात हे तपासण्यासाठी कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात जे काम झाले, त्यातून ही युक्ती पुढे आली. आज जगभर शिरगणती तपासण्यास हीच वापरतात.

या तपासणीचे निकाल असे. १९५१ साली दर हजारी ११ माणसे सुटली होती. १९६१ साली ७ सुटली, आणि ही आजवरची सर्वांत चांगली मोजणी. १९७१ साली आकडा १७ वर गेला, १९८१ आणि १९९१ साली १८ च्या आसपास राहिला, २००१ साली २३ झाला आणि २०११ सालीही २३ च. म्हणजे रस्ते झाले, टेलिफोन आले, संगणक आले, आणि गळती मात्र १९६१ च्या तिपटीहून अधिक झाली. याचे कारण प्रगणक आळशी झाले असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. माणसे अधिक हिंडू लागली, शहरांत कोंबून राहू लागली, आणि घर मोजून माणूस मोजण्याची रीत त्यांच्यामागे धावताना मागे पडली. खेड्यापेक्षा शहरात गळती अधिक निघते, यावरूनही तेच दिसते.

हजारी तेवीस हे ऐकायला थोडे वाटते. देशाची वस्ती १२१ कोटी धरली तर ते पावणेतीन कोटींच्या वर जाते. अमरावती आणि अकोला मिळून २०११ ची वस्ती ४७ लाख. तिला हाच दर लावला तर एक लाख आठ हजार माणसे होतात. त्याच साली अचलपूर शहराची वस्ती एक लाख बारा हजार होती. म्हणजे जवळजवळ अख्खे अचलपूर पुस्तकातून उडाले असे समजा. हा हिशेब आम्ही केवळ आकार कळावा म्हणून केला. जिल्हावार गळती किती हे तपासणी सांगतच नाही. तिचा नमुना देशासाठी आणि मोठ्या विभागांसाठी घेतलेला असतो. मेळघाटात किती सुटले, मूर्तिजापुरात किती सुटले, हे तिला विचारून उपयोग नाही.

येथे थोडे थांबून 'निव्वळ' या शब्दाकडे पाहिले पाहिजे, कारण खरी मेख त्यात आहे. तेवीस हा निव्वळ आकडा आहे. काही माणसे मुळीच मोजली जात नाहीत आणि काही दोनदा मोजली जातात. पहिल्यांतून दुसरी वजा करून हा आकडा काढतात. दोनदा कोण मोजला जातो? ज्याचे एक घर गावी आणि एक घर अमरावतीस राजापेठेत आहे तो. ज्याचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहातही लिहिला गेला आणि आईने प्रेमाने घरच्या कागदावरही लिहिला तो. आणि मुळीच कोण मोजला जात नाही? ज्याचे घर कागदावर कोठेच नाही तो. दोनदा मोजलेला वकील आणि एकदाही न मोजलेला मजूर एकमेकांना खोडतात, आणि बेरीज ठीक दिसते. बेरीज ठीक असली तरी त्या मजुराच्या ताटात काही पडत नाही.

अमेरिकेने हे उघड करून दाखविले. त्यांच्या २०२० च्या मोजणीत सबंध देशाची निव्वळ चूक शेकडा पाव टक्क्याइतकीच निघाली, म्हणजे नसल्यासारखीच. परंतु आत शिरून पाहता गोऱ्या लोकांची मोजणी शेकडा १.६४ ने जास्त झालेली, तर राखीव प्रदेशांत राहणारे आदिवासी शेकडा ५.६४ ने आणि स्पॅनिशभाषक वंशाचे लोक शेकडा ४.९९ ने कमी मोजले गेलेले. जास्त मोजलेल्यांनी कमी मोजलेल्यांची उणीव झाकली होती. दक्षिण आफ्रिकेत तर २०२२ साली शेकडा ३१ माणसे सुटली, ती गोष्टच वेगळी. आपल्याकडे शहर आणि खेडे, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते अशा प्रकारे गळतीची फोड करतात. कामाच्या शोधात हिंडणाऱ्याची फोड मात्र स्वतंत्रपणे कोणी करीत नाही.

आता वऱ्हाडात या.

मोजणीसाठी फेब्रुवारी महिना निवडतात. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी ९ ते २८ फेब्रुवारी हा काळ होता, आणि १ ते ५ मार्च पुन्हा एक फेरी मारून जन्ममृत्यू दुरुस्त केले. सरकारचे गणित असे की, या दिवसांत हवा चांगली असते, पाऊस नसतो, रस्ते खुले असतात आणि माणसे घरी असतात. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. चौथी कोणाच्या दृष्टीने खरी? पगारदाराच्या, दुकानदाराच्या, बागायतदाराच्या. वऱ्हाडातल्या मजुराच्या दृष्टीने हाच पायपिटीचा महिना. दर्यापूर, अकोट, अंजनगाव या खारपाणपट्ट्यात तेव्हा हरभरा सोंगणीला आलेला असतो. वरुड-मोर्शीकडे मृग बहाराचा संत्रा तोडणीला येतो. दिवाळीनंतर पेटलेल्या वीटभट्ट्या भर जोरात असतात. जिनिंगमध्ये उरल्यासुरल्या कापसाची घाई चालू असते. या सगळ्या कामांना माणसे कोठून येतात? पुष्कळशी मेळघाटातून.

धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांची २०११ ची वस्ती तीन लाखांच्या आसपास, आणि त्यांत कोरकू सर्वांत अधिक. खरीप आटोपला की डोंगरात काम उरत नाही. कुटुंबेच्या कुटुंबे भांडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन खाली उतरतात. ती परत जातात होळीला. होळी हा कोरकूंचा वर्षाचा सण. त्याला घरी पोचला नाही असा कोरकू विरळा. २०११ साली होळी १९ मार्चला होती. मोजणी २८ फेब्रुवारीस संपली, दुरुस्तीची फेरी ५ मार्चला संपली, आणि माणसे घरी आली ती त्यानंतर पंधरवड्याने.

नियम या बाबतीत काय म्हणतो? नियम चांगला आहे. मोजणीच्या काळात जो आपल्या घरी केव्हाही थोडा वेळ तरी होता, त्यास घरी मोजावे. जो त्या सबंध काळात बाहेर होता, त्यास तो जेथे आढळेल तेथे मोजावे. कागदावर यात फट नाही. गावचा प्रगणक म्हणतो, हे कुटुंब वीस दिवसांत आले नाही, नियमाप्रमाणे मी लिहिणार नाही. तो बरोबर आहे. आता जबाबदारी आली ती परतवाड्याच्या किंवा अकोटच्या वीटभट्टीच्या भागातल्या प्रगणकावर. त्याच्या हाती जो नकाशा आणि जी घरांची यादी असते ती आदल्या वर्षी केलेली. २०११ च्या मोजणीसाठी घरयादी २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान देशभर झाली. भट्टी दिवाळीनंतर लागते, झोपड्या तेव्हा उभ्या राहतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी मोडतात. पुढच्या हंगामात जागा बदलते, कारण माती संपलेली असते. म्हणजे ज्या झोपडीत माणूस फेब्रुवारीत राहतो ती झोपडी यादी करताना जमिनीवर नव्हतीच. प्रगणकाने फिरून नवी घरे यादीत घालावीत असेही नियम सांगतो. पण भट्टी गावाबाहेर नाल्याकाठी असते, दिवसा झोपडीत चिटपाखरू नसते, आणि मालकास आपल्याकडे किती मजूर आणि किती लेकरे आहेत हे सरकारी माणसास सांगण्याची हौस नसते.

२०११ नंतर अचलपूर तालुक्यातल्या भट्ट्यांवर मजुरीच्या दरासंबंधी फिरत असताना आम्ही सहज विचारीत असू की, शिरगणतीचा मास्तर आला होता काय? काही ठिकाणी आला होता, लिहून गेला होता. काही ठिकाणी बाया एकमेकींकडे पाहत आणि म्हणत, "आमाले कोनी इचारलंच नाही." घरी गावात लिहिले असेल, असे त्यांना वाटे. गावात विचारले तर गावकऱ्यांना वाटे, तिकडे खाली लिहिले असेल. दोन गावांनी एका माणसाला एकमेकांच्या पदरात टाकले आणि तो दोन्हीकडून खाली पडला. शाळामास्तरास आम्ही दोष देत नाही. सव्वाशे-दीडशे घरे, सहा-सातशे माणसे, वर शाळा आणि परीक्षांचे दिवस. तो बापडाही राबणाराच आहे, आणि त्याच्या अंगावर टाकलेल्या या बिनशाळेच्या कामांविषयी त्याच्या संघटनेचे गाऱ्हाणे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे.

याच भट्टीवर दुसरी एक यादी असते. ती मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते. कोणत्या जोडप्याला किती उचल दिली, ते कोणत्या गावचे, जामीन कोण, सगळे तीत लिहिलेले. त्या वहीत चूक नसते. ज्याच्याकडून पैसे वसूल करावयाचे आहेत त्याचे नाव कोणी विसरत नाही. मात्र त्या वहीतही लेकरे नसतात, कारण लेकरांना उचल देत नाहीत. लेकरांची यादी असते ती मेळघाटातल्या अंगणवाडीत. तेथेही फेब्रुवारीत त्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी' असा शेरा असतो. तान्ही आणि लहान मुले मोजणीतून सुटतात हा तर जगभरचा अनुभव आहे. विचारले असता माणूस घरातली मोठी माणसे सांगतो आणि पाळण्यातले विसरतो. मग ज्यांचे घरच नाही त्यांच्या पाळण्याची काय कथा!

ज्यांना कसलेच छप्पर नाही त्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजतात. २०११ साली त्या एका रात्री देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर बेघर माणसे मोजली गेली. स्टेशनाच्या फलाटावर, देवळाच्या ओवरीत, पुलाखाली, पालांत जे सापडले ते. बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या स्टेशनावर रात्री दहाला जो निजला आहे तो पहाटे चारला कोठे असेल हे कोणी सांगावे? आणि विशेष हे की, सुरुवातीस सांगितलेली ती फेरतपासणी बेघरांना, वसतिगृहे-तुरुंग अशा संस्थांत राहणाऱ्यांना आणि काही दुर्गम मुलखाला वगळून करतात. ज्यांची गळती सर्वांत अधिक असण्याचा संभव, त्यांच्याकडे गळती मोजणारा फिरकतच नाही. दुसरीही एक गोष्ट आहे. दोन याद्यांच्या त्या हिशेबात गृहीत असे असते की, एका यादीतून सुटलेला माणूस दुसरीत सापडण्याचा संभव इतरांइतकाच असतो. भट्टीवरची बाई पहिल्या मास्तरास दिसली नाही, तर दुसऱ्यास तरी का दिसावी? जो दोन्हींतून सुटतो तो हिशेबातूनही सुटतो. तेव्हा तेवीस हा आकडा खरा मानला तरी तो कमीतकमी आहे असे धरून चालावे.

वाचकांपैकी कोणाचा असा समज होईल की, आम्ही शिरगणतीस निरुपयोगी ठरवीत आहोत. तसे मुळीच नाही. वऱ्हाडची पहिली खानेसुमारी १८६७ साली झाली, अखिल हिंदुस्थानच्या पहिल्या मोजणीच्याही आधी. तेव्हा वस्ती २२ लाखांवर भरली. १८९१ साली ती २९ लाखांच्या घरात गेली आणि १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर उतरली. कापसाच्या जोरावर भरभराटीला येत असलेल्या मुलखात दहा वर्षांत शेकडा पाच माणसे कमी. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ होते. दुष्काळात किती मेले यावर सरकार आणि लोक यांत वाद चालला असता, पण हा आकडा सरकारनेच छापलेला होता, आणि तो खोडता येईना. मोजणीचे हे मोल आहे. ती अपुरी असली तरी तीवाचून गरिबाच्या हाती पुरावाच नाही. तिच्याविषयी गरिबांना भयही वाटत आलेले आहे. १८८१ साली संथाळ परगण्यात, आपल्याला मोजून कोठेतरी नेणार अशा शंकेने लोक बिथरले. १९३१ साली तर राष्ट्रीय चळवळीनेच मोजणीवर बहिष्कार पुकारला होता.

१९३१ पर्यंत मोजणी एका रात्रीची असे. आधी दारादारांवर गेरूने आकडे घालीत, कच्ची यादी करीत, आणि ठरलेल्या रात्री सबंध देशभर एकाच वेळी प्रगणक कंदील घेऊन निघत. रात्र शक्यतो चांदणी आणि यात्रा-लग्ने टाळून निवडीत. त्या रात्री रेल्वेत असलेला प्रवासी रेल्वेत, बाजारात आलेला बैलगाडीवाला गाडीजवळ मोजला जाई. त्या रीतीत खर्च आणि गोंधळ फार, म्हणून ती सोडली ते ठीकच झाले. पण माणूस जेथे आहे तेथे त्यास गाठण्याची निकड त्या रीतीत होती, ती वीस दिवसांच्या सवडीत थोडी सैल झाली असे आम्हांस वाटते.

मोजला गेला तरी माणूस काय म्हणून मोजला गेला, हा आणखी एक प्रश्न. त्यात आम्ही फार शिरत नाही, परंतु दोन उदाहरणे वऱ्हाडाच्या अगदी जवळची आहेत. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध म्हणून अडीच हजारदेखील माणसे नव्हती. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. मात्र बौद्धांना अनुसूचित जातींत धरण्याची केंद्राच्या कायद्यातली दुरुस्ती १९९० साली झाली. तोपर्यंत कागदावर धर्म खरा लिहावा तर केंद्राची सवलत जाते, आणि सवलत राखावी तर धर्म खोटा लिहावा लागतो, अशा पेचात कित्येक घरे होती. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा ७.१ होते, ते १९९१ साली ११.१ झाले. माणसे तीच होती, नियम बदलला होता. दुसरे उदाहरण बायकांच्या कामाचे. १९६१ साली देशातल्या दर शंभर स्त्रियांमागे २८ काम करणाऱ्या लिहिल्या गेल्या. १९७१ साली 'तुमचे मुख्य काम कोणते' असे विचारले, आणि निंदणाला, वेचणीला, सोंगणीला जाणारी बाई घरकाम करणारी ठरली. आकडा निम्म्याच्या आसपास उतरला. दहा वर्षांत देशातल्या अर्ध्या मजूर बायका घरी बसल्या, असे कोणी शेतात पाहिले होते काय?

आता या गळतीचे ताटाशी काय नाते ते सांगतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात शेकडा ७५ पर्यंत आणि शहरी भागात शेकडा ५० पर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना पाच किलो. हे शेकडे कशावर काढले? २०११ च्या शिरगणतीवर. त्यावरून प्रत्येक राज्याचा कोटा ठरला, राज्याने जिल्ह्यांना आणि जिल्ह्याने तालुक्यांना वाटून दिला. यालाच पुरवठा कचेरीच्या भाषेत 'इष्टांक' म्हणतात. आमच्या बाया शिधापत्रिकेत नाव चढवायला जातात तेव्हा हा शब्द त्यांना फार ऐकावा लागतो. 'इष्टांक संपला, पुढे या.' इष्टांक म्हणजे काय हे खिडकीवरचा कारकून सांगत नाही. आम्ही सांगतो की, बाई, तुझ्या भागात इतकीच माणसे आहेत असे एका पुस्तकात छापले आहे, आणि त्या पुस्तकात तू नव्हतीस. त्यात २०११ नंतर जन्मलेली लेकरे तर नव्हतीच. २०२१ ची मोजणी महामारीमुळे लांबली, आणि जुन्याच आकड्यावर वाटप चालू राहिले. आदिवासींच्या आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागा आणि लोकवस्तीवर ठरणारी आरोग्य केंद्रे हीसुद्धा याच पुस्तकातून निघतात. मेळघाटाच्या गावात कोरकू कमी मोजला आणि भट्टीवर मुळीच मोजला नाही, तर मेळघाटाचेही जाते आणि अचलपूरचेही जाते.

नव्या शिरगणतीची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७, आणि त्याआधी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये घरयादी, असा क्रम ठरला. सर्व जातींची नोंद १९३१ नंतर प्रथमच होणार म्हणून चावडीवर आणि वर्तमानपत्रांत चर्चा आहे ती तिचीच. ती चर्चा जरूर व्हावी. परंतु जात लिहिण्याआधी माणूस लिहिला गेला पाहिजे, हे कोणी बोलत नाही. मोबाईलवर आपली माहिती आपणच भरण्याचीही सोय ठेवली आहे. ज्याच्यापाशी चांगला मोबाईल, घरचा पत्ता आणि मराठी-हिंदी वाचण्याची सवय आहे, त्याचे काम तीमुळे सोपे होईल. दोनदा मोजला जाणाराही तोच आहे.

आमच्या संघटनेने आपल्यापुरते काही ठरविले आहे, ते येथे नमूद करतो. भट्टीमालकांच्या आणि मुकादमांच्या दारी जाऊन मजुरांच्या गावांची आणि मुलांसकट माणसांची यादी जानेवारीतच करावयाची आणि ती त्या त्या भागाच्या शिरगणती अधिकाऱ्यास लेखी द्यावयाची, म्हणजे झोपड्या नकाशात नसल्या तरी त्याला दिसतील. प्रगणकाला भट्टीवर सायंकाळी घेऊन जाण्यास आमचा एक माणूस, कारण दिवसा तेथे कोणी भेटत नाही. शक्य तेथे कोरकू बोलणारा. मजुरांना हे सांगावयाचे की, १९४८ च्या शिरगणती कायद्याप्रमाणे तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहते, ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि तिच्यावरून उचलीचा, जंगलजमिनीचा किंवा भोंग्याचा खटला होत नाही. शेवटी, मोजणी संपल्यावर प्रत्येक भट्टीवर आणि संत्र्याच्या प्रत्येक मंडीत एकच प्रश्न विचारावयाचा : तुम्हाला लिहिले काय? शंभरांत किती 'नाही' म्हणतात ते मोजायचे. दोन याद्यांचा जो हिशेब वर सांगितला, त्याचे हे गरिबाघरचे रूप आहे. सरकारी कागद गुप्त असल्यामुळे नाव नावाशी ताडणे आमच्या हाती नाही, परंतु विचारणे हाती आहे.

हे विचारण्यास वेळ थोडा मिळेल. २०२७ साली होळी २२ मार्चच्या सुमारास येते. १ मार्चला मोजणीचा क्षण उलटला की त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत भट्ट्यांवरची कुटुंबे हिशेब करून, उचल फेडून किंवा अंगावर ठेवून, धारणीच्या गाडीत बसतील.